लिपसिंक सुटलंय: ओठ आणि गाणं जुळत नसेल तर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

गाण्याचे व्हिडिओ संपादित करताना माझ्याकडे सर्वाधिक वेळा परत आलेला दोष हाच आहे. काळोखा शॉट रंगकामात बराचसा सावरता येतो, हललेला शॉट स्थिर करता येतो. पण ओठ एक म्हणताहेत आणि ऐकू दुसरंच येतंय, हे एकदा दिसलं की पाहणाऱ्याचा त्या गायकावरचा विश्वास उडतो. मग प्रकाशयोजना, नृत्य, वेशभूषा कितीही मेहनतीची असो, नजर ओठांवरच अडकून राहते. दिलासा एवढाच की हा दोष जवळजवळ नेहमी शोधून काढता येतो. प्रत्येक कारण आपली वेगळी खूण ठेवून जातं, आणि ती खूण वाचली की निम्मं काम होतं.

लक्षणं

तुमचा दोष यापैकी कोणता आहे ते आधी ठरवा:

- पहिल्या ओळीला जेवढा फरक, शेवटच्या ओळीलाही तेवढाच. संपूर्ण टेक (एका दमात घेतलेलं सलग चित्रण) एकाच मापाने मागे किंवा पुढे आहे.
- मुखडा चोख जुळतो, पहिल्या अंतऱ्यात शंका येते, आणि शेवटच्या ध्रुवपदापर्यंत उघडउघड सुटतं.
- मध्येच उडी बसते. चार ओळी बरोबर, मग अचानक चूक, पुढे कदाचित पुन्हा बरोबर.
- संपादन करताना चुकतं, पण एक्सपोर्ट केलेली (सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेली अंतिम) फाइल बरोबर दिसते. किंवा याच्या उलट.
- फक्त स्लो मोशनचे शॉट चुकतात.
- मोजून पाहिलं तर फ्रेम न् फ्रेम बरोबर, तरी गाणं वरून चिकटवल्यासारखं वाटतं.

पहिली तीन लक्षणं सर्वांत महत्त्वाची. स्थिर फरक, वाढत जाणारा फरक आणि उडी मारणारा फरक यांची कारणं पूर्णपणे वेगळी असतात. हे न ठरवता जो शॉट हाती आला तो दोन फ्रेम इकडे-तिकडे सरकवत बसलात, तर वाढत्या फरकाचा शॉट एका ठिकाणी जुळेल आणि दुसरीकडे सुटेल. असे तासन् तास वाया गेलेले मी पाहिले आहेत, माझे स्वतःचेही.

कशालाही हात लावण्यापूर्वी: फरक मोजा

पूर्ण वेगात बघून 'जरा मागे वाटतंय' असं ठरवू नका. फ्रेम-फ्रेम पुढे जाऊन मोजा. त्यासाठी शाळेत शिकलेली ओष्ठ्य व्यंजनं कामाला येतात: प, फ, ब, भ, म. ही उच्चारताना ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे ती पडद्यावर दिसतात. 'क', 'ग', 'ण' तोंडाच्या आत घडतात, ओठांवर त्यांची खूण नसते. लांबलेल्या 'आ'काराचंही तसंच. आलापावर सिंक तपासणं म्हणजे सपाट भिंतीवर खुणेचा खिळा शोधणं.

यातही माझी पसंती 'प' आणि 'ब' यांना. 'प' म्हणताना ओठ मिटतात, क्षणभर आवाज थांबतो आणि ओठ उघडताच ध्वनी फुटतो. आवाजाच्या आलेखात तिथे आधी खाच आणि मग सरळ चढ दिसतो. तो चढ ज्या फ्रेमवर ओठ पहिल्यांदा विलग होतात त्या फ्रेमवर यायला हवा. 'म'चं वेगळं आहे, त्यात ओठ मिटलेले असतानाच नाकातून आवाज सुरू असतो. 'म'चा आवाज ओठ उघडण्याशी जुळवायला गेलात तर एक-दोन फ्रेमची चूक तुम्हीच घालाल.

टेकच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन शब्द निवडा आणि प्रत्येक ठिकाणचा फरक कागदावर लिहा: 'अधिक ३ फ्रेम', 'उणे २ फ्रेम'. २४ एफपीएसला (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, यालाच फ्रेम रेट म्हणतात) एक फ्रेम ४१.७ मिलिसेकंदांची असते, २५ ला ४० ची आणि ३० ला ३३.३ ची.

किती फरक चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद उशिरा आला, की प्रेक्षकाला तो जाणवू लागतो. दोन्ही बाजूंना सारखी सूट नाही, हे लक्षात घ्या. उशिरा येणारा आवाज आपल्याला सवयीचा असतो, लांबून कोणी हाक मारली की तो उशिराच येतो. चित्राच्या आधी येणारा आवाज मात्र निसर्गात भेटत नाही, म्हणून तो लगेच खुपतो. एखादा शॉट दोन फ्रेमच्या मधोमध अडकला असेल तर आवाज किंचित उशिरा येईल अशी बाजू निवडा.

आणखी एक नियम, जो मी कधी मोडत नाही: गाण्याचा ट्रॅक कुलूपबंद करायचा. सरकवायचं ते चित्र. गाणं हलवलं की त्याच्याशी जुळलेले बाकीचे पन्नास कट एकदम सुटतात.

१. ऐकण्याची आणि पाहण्याची साधनं

याला काही खर्च नाही आणि पाच मिनिटं पुरतात, म्हणून हे सर्वांत आधी. ब्लूटूथ हेडफोन काढा आणि तारेचे लावा. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद लागू शकतात. म्हणजे २५ एफपीएसला सात फ्रेमपर्यंतचा फरक, आणि तो तुमच्या फाइलमध्ये मुळीच नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ प्लेअर हा उशीर ओळखून चित्रही तेवढंच थांबवतात, त्यामुळे त्याच हेडफोनवर इतर व्हिडिओ नीट वाटतात आणि संशय येत नाही. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय बहुधा नसते.

मी एकदा सबंध रात्र जागून एका गाण्यातला प्रत्येक क्लोजअप चार फ्रेमने सरकवला होता. सकाळी स्पीकरवर लावलं तेव्हा सगळं गाणं सुटलेलं होतं. मूळ जुळणी बरोबरच होती, चूक कानावरच्या हेडफोनची होती. तेव्हापासून संपादनाच्या टेबलावर मी बिनतारी काही ठेवत नाही.

मोठ्या टीव्हीवर तपासत असाल तर उलटा प्रकार घडतो. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो, त्यामुळे चित्र उशिरा दिसतं आणि आवाज आधी येतो. टीव्हीचा गेम मोड चालू करा, ही प्रक्रिया बरीच कमी होते. फरक नाहीसा झाला तर तुमच्या फाइलला हात लावू नका.

२. प्रीव्ह्यू अडखळतोय का

एच.२६५ मधलं (व्हिडिओ फार दाबून साठवण्याची पद्धत) ४के चित्रण संगणकाला जड जातं. झेपेनासं झालं की सॉफ्टवेअर आवाज अखंड ठेवतं आणि चित्रातल्या फ्रेम गाळतं. तुम्हाला वाटतं सिंक गेलं. गाळलेल्या फ्रेम दाखवणारा दिवा किंवा आकडा जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो चालू ठेवा. प्रॉक्सी (संपादनापुरती हलकी प्रत) बनवा किंवा तेवढा तुकडा रेंडर करून, म्हणजे आधीच पूर्ण तयार करून, पुन्हा बघा. फ्रेम-फ्रेम पुढे जाताना बरोबर आणि चालवल्यावर चूक, असं असेल तर कारण हेच.

३. गाणं तेच आहे का

हा प्रश्न विचारायला लोक कचरतात, कारण उत्तर उघड वाटतं. माझ्या अनुभवात मात्र इथे सर्वाधिक वेळा काहीतरी सापडतं. शूटच्या दिवशी स्पीकरवर वाजलेली फाइल आणि आज टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या संपादनाच्या पट्टीवर) असलेली फाइल एकच आहे का? मधल्या काळात मिक्सिंग झालेलं असतं, सुरुवातीचं संगीत दोन मात्रांनी वाढलेलं असतं, गायकाने एखादी ओळ पुन्हा गायलेली असते, किंवा ध्वनिमुद्रिकेतले शब्द ठेक्यावर नेमके बसवण्यासाठी पुढेमागे केलेले असतात.

तपासणी सोपी आहे. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवा, सुरुवात जुळवा आणि एकीची ध्रुवता (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे 'इन्व्हर्ट' नावाने मिळतं. दोन्ही अगदी एकच असतील तर एकमेकींना खोडून शांतता होईल. मिक्स बदललेला असेल तर काही वाद्यं उरलेली ऐकू येतील, ते ठीक आहे. पण गायकाचा आवाज दुहेरी, लोंबकळल्यासारखा ऐकू आला तर वेळेतच बदल झालेला आहे.

बदलाचे तीन प्रकार आहेत. सुरुवातीला भर पडली असेल तर फरक स्थिर असतो, एकदा सरकवलं की काम संपलं. एखादीच ओळ पुन्हा गायली असेल तर तेवढ्या ओळीपुरती उडी दिसते, तिथे त्या ओळीचं दृश्य बदलणं किंवा गायकाऐवजी दुसरं काही दाखवणं हाच सरळ मार्ग. तिसरा प्रकार वाईट आहे, लय बदललेली. मिनिटाला ९२ ठोक्यांचं गाणं ९३ केलं, तर कानाला फारसं कळत नाही. पण चार मिनिटांचं गाणं सुमारे २.६ सेकंदांनी लवकर संपतं. शेवटच्या ध्रुवपदात ओठ जवळपास एक ओळ मागे राहतात.

एमपी३ आणि वेव्ह यांचाही छोटा घोळ असतो. एमपी३ बनवताना सुरुवातीला रिकामे नमुने, म्हणजे आवाजाचे अतिसूक्ष्म तुकडे, जोडले जातात. लेम या एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने केलेली आणि हा उशीर न कापता उघडलेली फाइल साधारण ११०५ नमुन्यांनी, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झला २५ मिलिसेकंदांनी मागे पडते. एका फ्रेमपेक्षा कमी, पण इतर चुकांमध्ये मिळून ती दिसू लागते. शूटला आणि संपादनाला एकच वेव्ह फाइल वापरा, आणि तिच्या नावात तारीख घाला.

४. आपोआप झालेली जुळवणी

कॅमेऱ्यातला कच्चा आवाज आणि गाणं यांचे आलेख जुळवून सॉफ्टवेअर शॉट जागेवर बसवतं. बोलण्याच्या दृश्यांत ही सोय उत्तम चालते. गाण्यात मात्र तीच चार मात्रांची चाल पुन्हा पुन्हा येते आणि ध्रुवपद तीनदा येतं. त्यामुळे दुसऱ्या ध्रुवपदाचा शॉट तिसऱ्या ध्रुवपदावर जाऊन बसतो. ओठ बऱ्यापैकी जुळतात, शब्द तेच असतात, पण एखादी हरकत, एखादा श्वास चुकतो आणि काहीतरी खोटं वाटत राहतं.

याची खूण अशी की फरक नेमका ठेक्याच्या मापात असतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर चार ठोक्यांचं एक आवर्तन २ सेकंदांचं. शॉट बरोबर २, ४ किंवा ८ सेकंदांनी चुकला असेल तर दुसरं कारण शोधूच नका. यासाठीच प्रत्येक टेकच्या सुरुवातीला क्लॅप (क्लॅपबोर्डचा ठोका) द्यावी आणि गाण्याचा कोणता भाग सुरू होतोय ते मोठ्याने सांगावं. क्लॅपबोर्ड हाताशी नसेल तर टाळी वाजवा, तीही चालते.

इथेच अंतराचाही हिशेब करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. स्पीकर कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर आणि गायक स्पीकरपासून २० मीटरवर असेल, तर गायकाला गाणं ५८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं आणि कॅमेऱ्याच्या माइकला १५ मिलिसेकंद. आलेख अगदी जुळवले तरी ओठ साधारण एक फ्रेम मागे राहणार. लांबच्या वाइड शॉटमध्ये ते कळत नाही. पण तिथूनच टेलिलेन्सने (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) घेतलेल्या क्लोजअपमध्ये कळतं. प्रत्येक टेकचा फरक स्थिर, पण टेकागणिक वेगळा असेल तर कॅमेरा आणि स्पीकर कुठे होते ते आठवा. शॉट फ्रेमभर आधी घ्या आणि पुढच्या शूटला स्पीकर गायकाजवळ ठेवा, कॅमेऱ्याजवळ नाही.

५. फ्रेम रेट

वाढत जाणाऱ्या फरकाचं कारण इथे असतं. आधी लिहिलेल्या तीन आकड्यांवरून टक्केवारी काढा. शेवटचा फरक वजा सुरुवातीचा फरक, भागिले मधला काळ. आलेला आकडा ओळखीचा असेल तर कारण हातात आलं.

०.१ टक्का आला, म्हणजे चार मिनिटांत साधारण ६ फ्रेम, तर २४ आणि २३.९७६ किंवा ३० आणि २९.९७ यांची गल्लत आहे. हे विचित्र आकडे कुठून आले? १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून चित्रावर जाळी दिसू नये म्हणून ३० चा वेग १०००/१००१ पट केला गेला. त्या निर्णयाची सावली आजच्या प्रत्येक कॅमेऱ्यात आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर '२४' लिहिलेलं असतं आणि फाइल २३.९७६ ची निघते.

सुमारे ४ टक्के आले तर २४ आणि २५ ची अदलाबदल झाली आहे. चार मिनिटांच्या गाण्यात हा फरक जवळपास १० सेकंदांचा होतो, तो लपत नाही. सुमारे ८.८ टक्के असेल आणि सूरही जवळपास दीड अर्धस्वराने (सेमिटोनने) वर किंवा खाली गेला असेल, तर ४४.१ किलोहर्ट्‌झची फाइल ४८ ची समजून (किंवा उलट) वाजवली गेली आहे. हे गायकाला विचारा, त्याचा कान लगेच सांगेल.

१.१ टक्क्यांसारखा कुठेच न बसणारा आकडा आला तर तिसऱ्या मुद्द्याकडे परत जा. बहुधा लय बदललेली आहे.

एक गैरसमज दूर करतो. २३.९७६ ची क्लिप २४ च्या टाइमलाइनवर नुसती टाकली म्हणून फरक पडत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर क्लिपची लांबी जपतात आणि अधूनमधून एखादी फ्रेम पुन्हा दाखवतात. फरक तेव्हा पडतो जेव्हा कोणीतरी क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन 'ही अमुक एफपीएसची समज' असा आदेश दिलेला असतो. तो आदेश शोधा आणि मूळ वेगावर आणा. सापडला नाही तर क्लिपचा वेग १००.१ किंवा ९९.९ टक्के करून बघा. डोळ्याला त्यात काही कळत नाही. टाइमलाइनचा फ्रेम रेट मात्र पहिली क्लिप टाकण्यापूर्वी ठरवा. डाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू झाल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, आणि तो निर्णय तिथे नकळत, पहिली क्लिप घेताना विचारलेल्या प्रश्नाला दिलेल्या एका 'हो'वर होऊन जातो.

बरेच जण वाढत्या फरकासाठी कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांना दोष देतात. तासाभराच्या मैफलीचं अखंड चित्रण असेल तर तो संशय रास्त आहे. चार मिनिटांच्या टेकमध्ये नाही. घड्याळ दहा लाखांत १०० भागांनी चुकीचं असलं, आणि ते बरंच वाईट घड्याळ झालं, तरी चार मिनिटांत २४ मिलिसेकंद होतात. एक फ्रेमसुद्धा नाही.

६. मोबाइलचं चित्रण आणि बदलता फ्रेम रेट

मध्येच उडी, किंवा फरक कधी वाढतो कधी घटतो, असं असेल आणि चित्रण मोबाइलचं किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगचं असेल, तर इथे या. मोबाइल एका ठरावीक तालात फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की वेग घटवतो, फोन तापला की अडखळतो, आणि प्रत्येक फ्रेमवर फक्त तिची वेळ नोंदवून ठेवतो. ज्या सॉफ्टवेअरला ही नोंद नीट वाचता येत नाही ते सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडतं, आणि ओठ वाहत जातात.

मीडियाइन्फो हे मोफत साधन आहे. त्यात फाइल उघडा. फ्रेम रेटचा प्रकार 'व्हेरिएबल' दिसला आणि किमान-कमाल आकड्यांत मोठं अंतर असलं की निदान झालं. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घेऊन 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडा, आकडा टाइमलाइनचाच द्या आणि गुणवत्ता चढी ठेवा. रंगकाम बरंच करायचं असेल तर शटर एन्कोडर या तशाच सॉफ्टवेअरने प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर (संपादनासाठीचे कमी दाबलेले फाइलप्रकार) करून घ्या. फाइल कितीतरी मोठी होते, पण चित्र टिकतं आणि प्रीव्ह्यूही हलका चालतो. मूळ फाइल पुसू नका.

हे संपादन सुरू करण्याआधी करायचं असतं. निम्मे कट झाल्यावर फाइल बदलली तर कटच्या जागा हलतात आणि पुन्हा एकेक शॉट बघावा लागतो. पुढच्या वेळी मोबाइलमध्ये फ्रेम रेट बांधून ठेवणारं कॅमेरा ॲप वापरा, जागा उजळ ठेवा आणि लांब टेकांच्या मध्ये फोन थंड होऊ द्या.

७. स्लो मोशनमधले ओठ

केस, कपडे, पाऊस सावकाश आणि ओठ मात्र गाण्याबरोबर, हा परिणाम गाण्याच्या व्हिडिओंत फार आवडीने वापरला जातो. तत्त्व साधं आहे. चित्र दुप्पट वेगाने टिपायचं, गाणंही दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गायकाने त्या वेगात गायचं. मग चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्यावर येतात. २४ च्या टाइमलाइनसाठी ४८ एफपीएस आणि २०० टक्के गाणं. ३६ एफपीएस असेल तर १५० टक्के.

चूक होते ती गुणोत्तरात. कॅमेऱ्यात ४८ नव्हतं म्हणून ५० वर घेतलं, गाणं २०० टक्क्यांवरच वाजवलं आणि टाइमलाइन २४ ची. आता ५० भागिले २४ म्हणजे २.०८३. गाण्याचा ३० सेकंदांचा तुकडा घ्या: सेटवर तो १५ सेकंदांत संपला, त्यात ७५० फ्रेम आल्या, आणि २४ च्या वेगाने त्या ३१.२५ सेकंद चालतात. सव्वा सेकंद जास्त. क्लिपचा वेग १०४.१७ टक्के केला की लांबी बरोबर बसते, मात्र दर २५ फ्रेममागे एक गळते. संथ कॅमेरा चालीत तो धक्का दिसू शकतो, तेव्हा ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने स्वतः घडवण्याची सोय) वापरा आणि ओठांच्या, बोटांच्या कडा वितळल्यासारख्या दिसत नाहीत ना ते फ्रेम-फ्रेम बघा. ६० एफपीएसवर घेऊन २५ च्या टाइमलाइनवर आणणाऱ्यांनी गाणं २४० टक्क्यांवर वाजवायला हवं. ते सहसा कोणी करत नाही, २०० वरच वाजवतात.

शूटच्या आदल्या दिवशी भागाकार करा, त्या वेगाची गाण्याची फाइल तयार करा आणि तिच्या नावातच वेग लिहा. सेटवर मोबाइलच्या प्लेअरमधला वेगाचा सरकपट्टा वापरू नका. नेमका किती वेग होता ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

८. एक्सपोर्ट

टाइमलाइनवर बरोबर आणि फाइलमध्ये चूक असेल तर आधी एक्सपोर्टचा फ्रेम रेट टाइमलाइनइतकाच आहे ना ते बघा. मग फाइल दोन वेगवेगळ्या प्लेअरमध्ये चालवा. एएसी (व्हिडिओ फाइलींत वापरला जाणारा आवाजाचा प्रकार) आवाजातही सुरुवातीला रिकामे नमुने असतात, ॲपलच्या एन्कोडरमध्ये २११२, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला ४४ मिलिसेकंद. बहुतेक प्लेअर ते वगळतात, काही वगळत नाहीत. एकाच प्लेअरमध्ये चूक दिसत असेल तर फाइल पुन्हा पुन्हा बनवू नका.

९. सगळं बरोबर, तरी खोटं

हा दोष संगणकात नाही, शूटमध्ये आहे. गायकाने ओठ नुसते हलवले. खरोखर गाताना मान ताणते, गळ्याच्या शिरा दिसतात, ओळीआधी छाती भरते, तार सप्तकात डोळे आक्रसतात. यातलं काहीच नसेल तर ओठ नेमके असूनही आवाज परका वाटतो. उपाय शूटलाच: गायकाला पूर्ण आवाजात गायला लावा. लाजतात, थकतात, पण लावा. प्लेबॅक (सेटवर वाजणारं गाणं) इतका मोठा ठेवा की स्वतःचा आवाज ऐकून ते बिचकणार नाहीत.

संपादनात करता येण्यासारखं थोडं आहे, पण ते प्रामाणिकपणे काम करतं. चेहऱ्यावरचा कट ओळीच्या मधोमध न घेता श्वासाच्या थोडा आधी घ्या. ओळीआधीचा श्वास दिसला की पुढची ओळ खरी वाटते. कमकुवत ओळीत आलापाचा किंवा लांब स्वराचा भाग चेहऱ्यावर ठेवा आणि 'प-ब-म'ने भरलेले शब्द वाइडवर किंवा वादकांवर न्या. मात्र ड्रमवर पडणारी काठी किंवा तबल्यावरची थाप क्लोजअपमध्ये दाखवू नका, जोपर्यंत ती स्वतः फ्रेमवर जुळलेली नाही. हाताचा आघात ओठांपेक्षाही कमी माफ करतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लय बदललेली असेल तर चित्र ताणत बसू नका. साउंड इंजिनिअरला विचारा, शूटच्या लयीतला मिक्स पुन्हा काढता येतो का. त्याच्याकडे वेगवेगळे ट्रॅक असतात, त्याला ते स्वच्छपणे करता येतं. तुम्ही तयार मिक्स ताणला तर झांजा आणि आवाज दोन्ही बिघडतात.

स्थिर फ्रेम रेट करूनही फरक अनियमित राहिला तर चित्रणातच फ्रेम गळलेल्या आहेत. त्या कोणत्याही सेटिंगने परत येत नाहीत. अशा शॉटवर एक दिवस घातल्यावरही तीनपैकी दोन ठिकाणं जुळत नसतील तर तो शॉट सोडा, आणि गाणं त्याच्याशिवाय उभं राहत नसेल तर पुन्हा शूट करा.

फाइल उघडत नसेल, मध्येच तुटत असेल, तर त्या कार्डावर काहीही नवं लिहू नका, दुरुस्तीची अनोळखी सॉफ्टवेअर चालवू नका, कार्ड बाजूला काढून डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. चित्रपटगृहासाठी किंवा वाहिनीसाठी प्रत द्यायची असेल आणि फ्रेम रेट बदलावा लागणार असेल, तर ते काम पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओकडे सोपवा. तिथल्या तांत्रिक तपासणीत नापास झालेली प्रत परत येते आणि प्रदर्शनाची तारीख हातची जाते. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवर नोंदलेली समान वेळ) नसलेल्या चार-पाच कॅमेऱ्यांच्या तासाभराच्या मैफलीसाठीही अनुभवी सहायक संपादक घ्या.

जाणकाराकडे जाताना चार गोष्टी न्या: कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, सेटवर वाजलेली गाण्याची नेमकी फाइल, प्रोजेक्ट फाइल, आणि तीन ठिकाणी मोजलेल्या फरकाचा तो कागद. कागद नसेल तर त्याचा पहिला तास तेच मोजण्यात जाईल.